हृदयाचा कोणता भाग अजून जिवंत आहे, हे एमआरआयमध्ये कळतं का? (बायपासचा निर्णय घ्यायचा आहे)

ठाकुर्लीकर

नमस्कार मंडळी,

माझे मामा डोंबिवलीला असतात. वय ६३, मधुमेह जुना. पावसाळ्यात त्यांना ॲटॅक येऊन गेला. छातीत दुखलंच नाही, नुसता घाम आणि मळमळ. पित्त असेल म्हणून रात्र काढली, सकाळी हॉस्पिटलात नेलं. आता इकोमध्ये पंपिंग ३० टक्के आलंय आणि अँजिओत तिन्ही नळ्यांत ब्लॉक.

सर्जन म्हणतात, बायपास करू, पण आधी कार्डिअ‍ॅक एमआरआय करून घ्या. ज्या भागाला रक्त कमी पडतंय तो भाग जिवंत आहे की मेलाय, ते त्यात दिसेल. मेलेल्या स्नायूला नवीन रक्तवाहिनी जोडून उपयोग नाही. दुसऱ्या एका हृदयरोगतज्ज्ञांचं मत पडलं की एमआरआयसाठी थांबू नका. मामी गोंधळून गेली आहे आणि कागदपत्रं माझ्याकडे आहेत.

माझं स्वतःचं मत असं की छाती उघडण्याआधी आत काय उरलंय ते कळायलाच हवं. पण ते एमआरआय खरंच सांगू शकतो का? इको आणि थॅलियममध्ये (किरणोत्सारी द्रव्य देऊन करतात तो हृदयाचा स्कॅन) दिसत नाही असं त्यात काय दिसतं? मामांचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) १.६ आहे, त्यांना कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन चालेल का? शिवाय त्यांना बंद जागेची भीती वाटते. ज्यांनी केलाय त्यांनी अनुभव लिहा, प्लीज.

वसईवाला

मामांना लवकर बरं वाटो. माहिती नाही, पण धागा महत्त्वाचा आहे. वाचतोय.

क्ष_किरण

मी रेडिओलॉजिस्ट आहे, मुंबईतच काम करतो. तुमच्या मामांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे सर्वसाधारण सांगतो. निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच.

इकोमध्ये स्नायू हलतोय की नाही ते दिसतं. पण न हलणारा स्नायू दोन प्रकारचा असू शकतो. एक, जिथे पेशी मरून व्रण तयार झालाय. दुसरा, जिथे रक्त इतकं कमी पोहोचतं की पेशींनी काम थांबवलंय पण जीव धरून ठेवलाय. याला आम्ही हायबरनेटिंग म्हणतो. इकोवर दोन्ही सारखेच दिसतात. फरक करायला एमआरआय.

शिरेतून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात. हे द्रव्य जिवंत पेशीच्या आत शिरू शकत नाही, पेशींच्या मधल्या जागेतच फिरतं. निरोगी स्नायूत पेशी दाटीवाटीने असतात, मधली जागा थोडी, त्यामुळे द्रव्य येतं आणि निघून जातं. व्रणात पेशीच नाहीत, नुसती मोकळी जागा आणि तंतू. तिथे ते साचतं आणि रेंगाळतं. इंजेक्शननंतर दहा-पंधरा मिनिटांनी चित्रं घेतली की जिवंत स्नायू काळा आणि व्रण पांढरा दिसतो.

यातली खरी किंमत जाडीची आहे. रक्त कमी पडलं की हृदयाच्या भिंतीचा आतला थर आधी मरतो आणि नुकसान आतून बाहेर सरकतं. भिंतीची किती टक्के जाडी पांढरी झाली ते एमआरआयवर मोजता येतं. २००० साली शिकागोच्या संशोधकांनी ५० रुग्णांवर हे तपासलं. जे भाग हलत नव्हते पण अजिबात पांढरे नव्हते, त्यांतले ७८ टक्के बायपास किंवा अँजिओप्लास्टीनंतर सुधारले. ७५ टक्क्यांहून जास्त जाडी पांढरी असलेल्या ५८ भागांपैकी फक्त एक सुधारला. निम्म्याहून कमी पांढरं असेल तर आशा धरायची, ही पद्धत तिथून रूढ झाली.

भांडुप_इंजिनिअर

डॉक्टर, फार छान समजावलंत. एक शंका. चुंबकाला रक्त कुठे कमी आहे हे कळतं कसं? रक्तात लोह असतं म्हणून का?

क्ष_किरण

मुख्यतः नाही. एमआरआय पाहतो तो पाण्यातला हायड्रोजन. गॅडोलिनियमच्या अणूत सात सुटे इलेक्ट्रॉन असतात. ते आसपासच्या पाण्याच्या रेणूंना लवकर पूर्वस्थितीला आणतात, म्हणून तो भाग उजळतो.

पण लोहाचा तुमचा मुद्दा अगदीच गैरलागू नाही. प्राणवायू सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकीय असतं, प्राणवायू घेतलेलं तसं नसतं. हे लायनस पॉलिंग यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. त्याच गुणाचा वापर करून १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी इंजेक्शनशिवाय मेंदूतला प्राणवायूचा बदल टिपला. हृदयावरही तसे प्रयोग चालू आहेत, पण रोजच्या वापरात ते अजून नाही.

दादर_पश्चिम

माझ्या बाबांचा स्ट्रेस परफ्युजन एमआरआय झालाय, परळच्या एका सेंटरमध्ये. तो तुम्ही सांगताय त्याच्या आधीचा भाग असावा. त्यांना चालल्यावर दम लागायचा, पण अँजिओ करावी का याबद्दल डॉक्टरांची खात्री नव्हती. तपासणीच्या आधी २४ तास चहा, कॉफी, चॉकलेट, कोला सगळं बंद. आमच्या बाबांना इंजेक्शनची भीती नव्हती, चहा नाही म्हटल्यावर मात्र ते दुसरं मत घ्यायला निघाले होते!

आत गेल्यावर एका औषधाचं ठिबक लावलं. तीन-चार मिनिटं छातीत दाब आल्यासारखं आणि चेहरा गरम. ठिबक थांबवल्यावर लगेच ठीक. मशीनचा आवाज मोठा, कानात बोळे घालून वर हेडफोन देतात. सारखं "श्वास सोडा, थांबा" ऐकू येत राहतं. बाबांना सगळ्यात अवघड तेच गेलं. रिपोर्टमध्ये एका बाजूला रक्त कमी पडतंय असं आलं, मग अँजिओ आणि स्टेंट. आता शिवाजी पार्कला रोज फेऱ्या मारतात.

क्ष_किरण

@दादर_पश्चिम, ते औषध अ‍ॅडिनोसिन असणार. चहाबंदी उगाच नाही. अ‍ॅडिनोसिन पेशीवर जिथे जाऊन बसतं, तीच जागा कॅफीन अडवतं. चहा पिऊन आलेल्या माणसात औषधाचा परिणाम अर्धवट होतो आणि तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

याचं तत्त्व मुंबईकराला चटकन कळेल. बिल्डिंगच्या एका फ्लॅटचा पाइप आतून गंजून अरुंद झालाय. दुपारी कुणी नळ सोडत नाही तेव्हा तिथेही पाणी बरं येतं, तक्रार नाही. सकाळी सात वाजता सगळ्यांचे नळ एकदम सुरू झाले की त्याच फ्लॅटमध्ये धार बारीक होते. अ‍ॅडिनोसिन सगळे नळ एकदम सोडतं. चांगल्या रक्तवाहिन्या फुलतात, त्यांच्यातला प्रवाह तीन-चार पट वाढतो. अरुंद नळीमागचा भाग मागे पडतो. त्याच क्षणी गॅडोलिनियम सोडून प्रत्येक ठोक्याला चित्र घेतात. स्नायू उजळत जातो आणि रक्त कमी पडणारा भाग काही ठोके काळाच राहतो.

अ‍ॅडिनोसिन रक्तात काही सेकंदच टिकतं, म्हणून त्रास लगेच थांबतो. मात्र दमा असेल तर आधी सांगायलाच हवं.

गिरगावकर_एमडी

मी फिजिशियन आहे. वरची सगळी माहिती बरोबर आहे, पण धागाकर्त्याच्या "कळायलाच हवं" या मताशी मी पूर्ण सहमत नाही, आणि कारण देऊन असहमत आहे.

पंपिंग ३५ टक्के किंवा कमी असलेल्या १,२१२ रुग्णांवर स्टिच नावाचा अभ्यास झाला. बायपास अधिक औषधं, विरुद्ध नुसती औषधं. दहा वर्षांनी बायपासवाल्या गटात ५८.९ टक्के मृत्यू, औषधांच्या गटात ६६.१ टक्के. म्हणजे बायपासचा फायदा स्पष्ट आहे. पण २०११ मध्ये त्यातल्या ज्यांची जिवंत स्नायूची तपासणी झाली होती त्यांचा वेगळा हिशेब मांडला, तेव्हा स्नायू जिवंत असलेल्यांनाच बायपासचा जास्त फायदा होतो असं सिद्ध झालं नाही. तेव्हा दुसरे डॉक्टर "थांबू नका" म्हणत असतील तर ते हलगर्जीपणाने म्हणत नाहीत. तिन्ही नळ्या बंद, मधुमेह, पंपिंग कमी; या माणसाला एमआरआयच्या तारखेसाठी महिनाभर ताटकळत ठेवणं मला पटत नाही.

क्ष_किरण

@गिरगावकर_एमडी, ताटकळत ठेवू नये याला पूर्ण सहमत. पण स्टिचमधली तपासणी थॅलियमसारख्या स्कॅनने किंवा डोब्युटामिन इकोने (औषधाने हृदयाला जोर देऊन केलेला इको) झाली होती, एमआरआयने नाही. त्या स्कॅनला साधारण एक सेंटीमीटरपेक्षा बारीक दिसत नाही आणि हृदयाची भिंतच तेवढी जाड असते. आतला अर्धा थर मेलाय हे त्याला वेगळं दाखवता येत नाही. एमआरआय दीड-दोन मिलिमीटरचं पाहतो.

गिरगावकर_एमडी

मान्य. पण मग २०२२ चा रिव्हाइव्ह्ड अभ्यास घ्या. त्यात बहुतेकांची तपासणी एमआरआयनेच झाली होती. कमजोर हृदयात स्टेंट घालून मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं कमी झालं नाही. नंतरच्या विश्लेषणात जिवंत पण न हलणारा स्नायू किती आहे यावरूनही फायदा ठरला नाही. मात्र व्रण किती आहे यावरून रुग्णाचं पुढे काय होईल याचा अंदाज बांधता आला. तो अभ्यास स्टेंटचा होता, बायपासचा नव्हे, हेही लिहिलं पाहिजे.

माझा मुद्दा इतकाच की एमआरआयकडून "ऑपरेशन करा" किंवा "करू नका" असं एका ओळीचं उत्तर मागू नका. एवढा व्रण आहे, एवढं वाचलेलं आहे, हे तो सांगेल. त्याचं वजन वय, साखर, किडनी आणि नळ्या जोडण्यायोग्य आहेत का, या सगळ्यांबरोबर करायचं.

ठाकुर्लीकर

दोघांचेही मनापासून आभार. तुमचं हे बोलणं मी मामीला वाचून दाखवलं. पहिल्यांदाच तिला कळलं की दोन डॉक्टर एकमेकांच्या विरुद्ध बोलत नव्हते, वेगवेगळ्या धोक्यांबद्दल बोलत होते.

सायनची_मुलगी

थोडं अवांतर, पण विषय रक्तपुरवठ्याचाच. माझी आई एका सकाळी उठली ती जीभ जड होऊन, उजवा हात लुळा. रात्री झोपताना ठीक होती. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांत द्यायचं असतं, पण सुरुवात कधी झाली हेच कुणाला माहीत नाही. सीटी स्कॅन स्वच्छ आला. मग तिथल्या न्यूरोलॉजिस्टनी एमआरआय केला आणि त्यावरून इंजेक्शन द्यायचा निर्णय घेतला. आई आज स्वतः भाजी आणते. त्यांनी काय पाहिलं ते मला आजवर नीट समजलेलं नाही. डॉक्टर, सांगाल का?

क्ष_किरण

जरूर. आई बऱ्या झाल्या हे वाचून खूप आनंद झाला.

आईंना झाला तो स्ट्रोक. मेंदूच्या पेशीला रक्त मिळेनासं झालं की काही मिनिटांत तिची ऊर्जा संपते. सोडियम बाहेर टाकणारा पंप बंद पडतो, पाणी पेशीत शिरतं आणि तिथे त्याची हालचाल कोंडते. डिफ्युजन नावाचं चित्र पाण्याची ही हालचाल मोजतं. कोंडलेला भाग चमकतो. १९९० मध्ये मायकेल मोझली आणि सहकाऱ्यांनी मांजरांमध्ये दाखवलं की रक्त थांबल्यावर तासाभराच्या आतच हा बदल दिसतो. सीटीवर तेव्हा बहुधा काहीच नसतं.

एमआरआयचं दुसरं एक चित्र असतं, फ्लेअर. त्यात तोच डाग उमटायला काही तास जातात. डिफ्युजनमध्ये डाग आहे आणि फ्लेअरमध्ये नाही, याचा अर्थ घटना बहुधा साडेचार तासांच्या आतली. घड्याळ माहीत नसताना मेंदूतच वेळ वाचायची. २०१८ मध्ये झोपेतून उठल्यावर लक्षणं दिसलेल्या रुग्णांवर याची चाचणी झाली आणि इंजेक्शनचा फायदा दिसला.

त्याच वर्षी आणखी दोन अभ्यास आले. मेलेला गाभा छोटा आणि भोवतीचा धोक्यातला पण जिवंत भाग मोठा असेल, तर ६ ते १६ तासांपर्यंत, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही, मांडीतून तार नेऊन गुठळी काढता येते. जिवंत काय आणि गेलंय काय, हा हृदयातलाच प्रश्न. फक्त इथे उत्तर काही मिनिटांत द्यावं लागतं.

गिरगावकर_एमडी

हे वाचून कुणी "स्ट्रोकला २४ तास असतात" असा समज करून घेऊ नका, ही कळकळीची विनंती. मोठी नळी बंद झाली तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ सालचा हिशेब आहे. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं. यातलं एकही दिसलं की १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने थेट स्ट्रोकचा उपचार होतो अशा हॉस्पिटलात. एमआरआय सेंटरला नाही. आधी सीटी झाला तर तोही चालतो, रक्तस्राव नाही ना हे त्यात लगेच कळतं.

सायनची_मुलगी

+१. आम्ही पूर्वेला राहतो आणि सकाळचा ट्रॅफिक सगळ्यांना माहीत आहे. जवळचं स्ट्रोकवालं हॉस्पिटल कोणतं, हे मी आता सोसायटीच्या बोर्डावर लिहून लावलंय.

ठाणे_घोडबंदर

भाच्याचा अनुभव. कोविडमध्ये स्टेरॉइड दिली होती. काही महिन्यांनी जांघेत दुखायला लागलं. एक्स-रे नॉर्मल, म्हणून मलम आणि व्यायाम. दुखणं वाढलं तेव्हा एमआरआय केला तर दोन्ही खुब्यांच्या गोलाला रक्त पुरत नव्हतं, एव्हीएन. हाड खचण्याआधी सापडलं म्हणून छिद्र पाडून दाब कमी करण्याचं छोटं ऑपरेशन झालं. स्टेरॉइड घेतलेल्या कुणाला जांघेत दुखत असेल तर एक्स-रेवर थांबू नका.

क्ष_किरण

@ठाणे_घोडबंदर, फार मोलाची सूचना. एक्स-रेत बदल दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. सिकलसेल असलेल्यांनाही हे लागू. पालघरच्या आदिवासी पाड्यांतून असे तरुण रुग्ण येतात.

आता ठाकुर्लीकरांचे राहिलेले प्रश्न. वय ६३ आणि क्रिएटिनिन १.६ असेल तर किडनीचं गाळण साधारण ४५ ते ५० येईल. २००६ पासून आपल्याला माहीत आहे की गाळण ३० च्या खाली असेल तर जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियमने त्वचा आणि अवयव कडक होण्याचा गंभीर आजार होऊ शकतो. मामा त्या रेषेच्या वर आहेत. तरी मॅक्रोसायक्लिक प्रकारचं (गॅडोलिनियम घट्ट धरून ठेवणारं) वापरणार का, हे विचारून घ्या. ते जास्त सुरक्षित. ताजा क्रिएटिनिन रिपोर्ट बरोबर न्या.

कळव्याची_ताई

बंद जागेच्या भीतीबद्दल मी सांगते, मी स्वतः त्यातून गेले आहे. आधी एक दिवस जाऊन मशीन बघू द्या म्हणून विनंती करा, बहुतेक जण दाखवतात. ७० सेंटीमीटर तोंडाचं मशीन आहे का विचारा, ६० च्या मानाने बराच फरक पडतो. आत जाण्याआधीच डोळ्यांवर रुमाल बांधायचा आणि बाहेर येईपर्यंत सोडायचा नाही. हातात रबरी फुगा देतात, तो दाबला की बाहेर काढतात. तो हातात आहे एवढ्यानेच धीर येतो. मामांना श्वास धरायचा सराव घरीच करायला लावा. हृदयाच्या तपासणीला पाऊण ते एक तास लागतो आणि श्वास हलला की चित्र बिघडतं.

आणि मामींना सांगा, खर्चाची अडचण असेल तर ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांत समाजसेवा विभागात जा. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायचं कायदेशीर बंधन त्यांच्यावर आहे. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड लागतं. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

भांडुप_इंजिनिअर

धातूबद्दलही लिहा कुणीतरी. हे चुंबक कायम चालू असतं, तपासणी नसतानाही. २०१८ मध्ये मुंबईतच एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेल्या नातेवाइकाचा जीव गेला. सोबत जाणाऱ्यानेही खिसे रिकामे करायचे, आणि "काही होत नाही, या आत" असं कुणीही म्हणालं तरी ऐकायचं नाही.

वसईवाला

मामांना आधी स्टेंट असेल तर?

क्ष_किरण

हृदयातले स्टेंट चालतात. जुना पेसमेकर असेल तर मात्र कंपनीचं कार्ड दाखवून आधी परवानगी घ्यायची. ठोके फार अनियमित असतील तर चित्रं नीट येत नाहीत, तेही आधी कळवा.

ठाकुर्लीकर

अपडेट. सर्जनना फोन करून स्पष्ट विचारलं की एमआरआयसाठी ऑपरेशन किती लांबेल. ते म्हणाले, लांबणार नाही, याच आठवड्यात करून घेऊ. झाला. मामांनी रुमाल बांधला होता, कळव्याच्या ताईंचे खास आभार.

रिपोर्ट असा: पुढच्या भिंतीचा बहुतेक भाग २५ ते ५० टक्के पांढरा, खालच्या भिंतीचा एक तुकडा पूर्ण पांढरा. आणि हृदयाच्या टोकाशी छोटी गुठळी सापडली, जी इकोत दिसली नव्हती. दोन्ही डॉक्टर एकत्र बसले. बायपास करायचा ठरलाय. पुढच्या भिंतीच्या नळीला प्राधान्य, खालच्या तुकड्याकडून अपेक्षा नाही. गुठळीसाठी रक्त पातळ करणारं औषध सुरू केलंय. मामांनाही सगळं सांगितलं. ते म्हणाले, जेवढं उरलंय तेवढ्याला तरी नीट रक्त मिळू दे.

हॉस्पिटलने रक्तदाते आणायला सांगितलंय. परळच्या जवळपास कुणी येऊ शकेल का?

गिरगावकर_एमडी

उत्तम निर्णय. टोकाची गुठळी सर्जनना टेबलावर जाण्याआधी माहीत असणं फार महत्त्वाचं, त्यासाठी एमआरआय केल्याचं मला समाधान आहे. ऑपरेशननंतर पंपिंग लगेच वाढलं नाही तर खचू नका. वाचलेला स्नायू कामाला लागायला तीन ते सहा महिने लागू शकतात. औषधं एकही बंद करायची नाहीत. एमआरआयची सीडी जपून ठेवा, नुसता कागद नको.

दादर_पश्चिम

मी येतो. मागच्या रक्तदानाला तीन महिने होऊन गेलेत. कोणत्या दिवशी आणि किती वाजता ते व्यक्तिगत निरोपात कळवा.

भांडुप_इंजिनिअर

मीही. ऑफिस लोअर परळलाच आहे, जेवणाच्या सुट्टीत जमेल. बरोबर एक सहकारी पण आणतो.